कुणी मारलं?

दवाखान्याच्या केसपेपरवर एक प्रश्न ठरलेला असतो: कसं लागलं? रहाटणी चौकातल्या छोट्या क्लिनिकपासून पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीपर्यंत तो सगळीकडे विचारला जातो आणि त्याची उत्तरंही ठरलेली असतात. बाइक स्लिप झाली. बाथरूममध्ये पाय घसरला. क्रिकेट खेळताना बॉल लागला. डॉक्टर लिहून घेतात, टाके घालतात, टीटीचं इंजेक्शन देतात. कुणी मारलं का, हे विचारलं जात नाही, कारण ते मनातच येत नाही. समोर वीस वर्षांचा धडधाकट मुलगा बसलेला असतो. त्याला घरात कोण मारणार?

हा प्रश्न कुणाला सुचला, कुणाच्या बाबतीत सुचला आणि कुणाच्या बाबतीत सुचायला किती वर्षं लागली, याची गोष्ट बरीच मागून सुरू होते. तिच्या सुरुवातीला मुलगे नाहीत, बायका आहेत.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ॲन फ्लिटक्राफ्ट नावाची विद्यार्थिनी डॉक्टरकी शिकत होती. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांना आसरा देणारी घरं त्या काळात नुकती उभी राहत होती. आसऱ्याला येणाऱ्या बायका त्याआधी कधी ना कधी इस्पितळात गेलेल्या असणार, हे उघड होतं. पण वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांचा पत्ताच नव्हता. फ्लिटक्राफ्टनं आपल्या प्रबंधासाठी न्यू हेवनच्या रुग्णालयात जखम घेऊन इमर्जन्सी विभागात आलेल्या ४८१ बायकांच्या फायली बाहेर काढल्या. फक्त त्या दिवसाचा कागद तिनं वाचला नाही. त्या बाईच्या फाइलमधली जुनी पानंही वाचली. प्रत्येक जखम, प्रत्येक टाका, प्रत्येक गोळी.

वाचताना तिनं जखमांचे गट पाडले. नवऱ्यानं किंवा मित्रानं मारलं असं स्पष्ट लिहिलेल्या नोंदी वेगळ्या. ठोसा बसला, लाथ बसली असं लिहिलंय, पण कुणाची ते लिहिलेलं नाही, त्या वेगळ्या. जखम एक सांगते आणि तिची हकिगत दुसरंच सांगते, त्या आणखी वेगळ्या. उरलेल्या खरोखरच्या अपघाताच्या. अपघातात माणसाचे हातपाय, गुडघे, कोपर खरचटतात. मार बसलेल्या बायकांच्या जखमा चेहऱ्यावर, छातीवर, पोटावर होत्या. इव्हान स्टार्क हे समाजशास्त्रज्ञ आणि विल्यम फ्रेझियर यांच्यासोबत तिनं १९७९ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. डॉक्टरांनी ३५ बायकांमागे एकीला मारहाण झालीय असं ओळखलं होतं. फायली नीट वाचल्यावर हे प्रमाण जवळजवळ चारांत एक निघालं.

या शोधात मला सगळ्यात हादरवतं ते हे, की लपलेलं असं काहीच नव्हतं. सगळं डॉक्टरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. एका पानावर फुटलेला ओठ, काही महिन्यांनी पोटावरचा मार, मग झोप येत नाही म्हणून गोळ्या, मग डोकेदुखी, मग मानसोपचाराची चिठ्ठी. तीच बाई पुन्हा पुन्हा येत राहिली आणि तिच्या नावापुढे शिक्के बसत गेले: तक्रारखोर, भावनाप्रधान, नेमकं काही न दुखणारी. पानं एकामागोमाग एक लावून वाचायची कुणी तसदी घेतली नव्हती. मार देणारा माणूस फाइलमध्ये नव्हता, म्हणून दोष बाईच्या स्वभावात शोधला गेला.

पण याच कामाला एक कडा होती. फायली काढल्या त्या फक्त बायकांच्या. जखमी पुरुषांच्या फायली कपाटातच राहिल्या. ते त्या काळी साहजिक होतं आणि त्या कामाची थोरवी त्यानं कमी होत नाही. परिणाम मात्र झाला. घरातली मारहाण म्हणजे नवरा-बायको, मारणारा पुरुष आणि मार खाणारी बाई, हे चित्र वैद्यकानं एकदा शिकून घेतलं आणि पुढची बरीच वर्षं तेच गिरवलं.

त्या चित्राबाहेरचा एक पुरुष नीट बोलला तो सॅन फ्रान्सिस्कोत. पॅट्रिक लेटेलिअर यानं आपल्या जोडीदाराचा मार स्वतः सोसला होता. १९९१ मध्ये त्यानं डेव्हिड आयलंड या मानसशास्त्रज्ञासोबत गे पुरुषांच्या घरातल्या मारहाणीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा शहरात एड्सनं माणसं मरत होती. समलिंगी माणसांना आजारी आणि पापी म्हणणारं जग दाराबाहेर टपून बसलेलं असताना आमच्याही घरांत मारहाण होते हे कबूल करणं म्हणजे त्या जगाच्या हाती काठी देणं, असं अनेकांना वाटे. पोलिसांना बोलावलं तर त्यांना दिसत ते भांडलेले दोन पुरुष. एड्स आणि व्यसन यांच्यानंतर गे पुरुषांपुढचा तिसरा मोठा आरोग्यप्रश्न घरातली मारहाण हा आहे, असं या दोघांनी लिहिलं. तो अंदाज होता. मोजणी अजून व्हायची होती.

ती झाली चार शहरांत: न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को. १९९६ च्या अखेरीपासून १९९८ च्या सुरुवातीपर्यंत फोनवर मुलाखती घेतल्या गेल्या आणि पुरुषांशी शरीरसंबंध असलेल्या २,८८१ पुरुषांनी उत्तरं दिली. ग्रीनवूड आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००२ मध्ये आला. मागच्या पाच वर्षांत जोडीदाराकडून शारीरिक मार सोसलेले २२ टक्के, मानसिक छळ सोसलेले ३४ टक्के आणि लैंगिक जबरदस्ती सोसलेले ५ टक्के. चाळिशीच्या आतल्या पुरुषांत प्रमाण अधिक होतं. पाचांतल्या एकाहून जास्त माणसांना मार बसत होता, आणि त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्याबद्दल बहुधा रक्तदाबाचे आकडे तेवढे माहीत होते.

तरीही शोध पुरा झाला नव्हता. विचारायचे प्रश्नच उसने आणलेले होते. जोडप्यांतली हिंसा मोजायची सगळ्यात रुळलेली प्रश्नावली मरे स्ट्रॉस यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली होती. ढकललं का, थप्पड मारली का, वस्तू फेकून मारली का, असे तिचे प्रश्न. पुढे तिच्यात भर पडत गेली, पण ती बेतली होती स्त्री-पुरुषांच्या संसारावर. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात रॉब स्टीफन्सन आणि कॅथरिन फिनरन यांनी सुरुवातच उलटी केली. गे आणि बायसेक्शुअल पुरुषांना गटागटानं बसवलं आणि विचारलं, तुमच्या मते हिंसा कशाला म्हणायचं?

जे पुढे आलं त्यावरून २३ प्रश्नांची नवी प्रश्नावली २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मार आणि लैंगिक जबरदस्ती तिच्यात होतीच. पण त्याशेजारी आणखी चार कप्पे उघडले: पाळत, ताबा, एचआयव्हीवरून होणारा छळ आणि मनाला घातलेले घाव. तुझा फोन बघू दे म्हणून अडून बसतो का? तुला न सांगता मेसेज वाचतो का? घरच्यांना भेटू देत नाही का? एचआयव्हीबद्दल खोटं बोलला का? चार लोकांत गेल्यावर तू पुरुषासारखा वाग, तसा दिसू नकोस, असं बजावतो का? जुन्या प्रश्नावलीनं जितकी हिंसा दिसत होती, त्याहून कितीतरी जास्त या नव्या प्रश्नांनी दिसली. माणसं तीच होती.

शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. ज्या मुलाला शाळेत चालीवरून चिडवलं, घरी आवाजावरून टोकलं, त्याला त्याचा प्रियकरही तेच सांगतो. आणि हे प्रेम आहे, तुझ्या भल्याचं आहे, असं समजावतो. बायकांच्या घरगुती छळावरच्या कुठल्याही प्रश्नावलीत हा प्रश्न येणार नाही, कारण हा घाव याच माणसांना बसतो. तो शोधायचा तर त्यांच्यासमोर वही उघडून गप्प बसावं लागतं.

इव्हान स्टार्क यांचाही रस्ता इथवर आला होता. फ्लिटक्राफ्टसोबत फायली वाचलेल्या याच माणसानं २००७ मध्ये एक मोठं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, ठोसे मोजत बसलात तर खरी गोष्ट हातची जाते. पैसे, कपडे, फोन, मित्र, झोप यांच्यावरचा रोजचा ताबा हाच छळाचा गाभा आहे. त्यांनी लिहिलं बायकांबद्दल. इंग्लंडमध्ये २०१५ साली असा ताबा गुन्हा ठरला, तेव्हा कायद्यात स्त्री-पुरुष असा भेद ठेवलेला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडची गोष्ट अमेरिकेच्या मागून चालत आलेली नाही, तिचा स्वतःचा धागा आहे आणि तो बांद्र्यातून निघतो. २००० सालच्या सुमारास मुंबई महापालिका आणि सेहत ही संशोधन संस्था यांनी मिळून बांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ नावाचं केंद्र सुरू केलं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईसाठी केंद्र काढायचं ते पोलीस ठाण्यात नाही, वकिलाकडे नाही, थेट सरकारी इस्पितळात, ही कल्पनाच भारतात नवी होती. बीपीची गोळी आणायला जाते असं सांगून बाई इस्पितळात येऊ शकते. सासूला संशय येत नाही. आणि कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला शिकवलं की तिची नजर पक्की होते.

दिलासाच्या लोकांना भाभाच्या रजिस्टरमध्ये तेच दिसलं जे फ्लिटक्राफ्टला दिसलं होतं. चुकून औषध प्यायली, स्टोव्हचा भडका उडाला, जिन्यावरून पडली. विष ‘चुकून’ पिणाऱ्या बायकांशी बंद दाराआड बोललं की छळाची हकिगत बाहेर येई. ही पद्धत पुढे मुंबईच्या इतर रुग्णालयांत गेली. केरळमध्ये ‘भूमिका’, मेघालयात ‘इओह्लिन्ती’ या नावांनी तशीच केंद्रं निघाली. डॉक्टर सोडून कुणाला सांगता येत नाही अशी माणसं समाजात असतात, आणि डॉक्टर विचारत नाही म्हणून तीही गप्प राहतात, हे महाराष्ट्राला बांद्र्यानं दाखवलं. दिलासाचं मोल मला म्हणूनच फार मोठं वाटतं.

त्याच काळात, अगदी दुसऱ्याच टोकाला, समलिंगी माणसांचं काम उभं राहत होतं. अशोक राव कवी यांच्या पुढाकारानं मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून होता. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत, सरळ भाषेत, लैंगिकतेवर पुस्तकं लिहिली. लातूर-सोलापूरकडच्या कित्येक मुलांना आपल्याबद्दलचं पहिलं समजूतदार वाक्य तिथेच वाचायला मिळालं असेल. पण या कामाच्या डोक्यावर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये ते सैल केलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पुन्हा आवळलं आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं सोडवलं. तोवर सगळी ताकद पोलिसांच्या, गुंडांच्या आणि ब्लॅकमेल करणाऱ्यांच्या हिंसेशी लढण्यात गेली. शत्रू बाहेर उभा असताना आतल्या खोलीकडे वळून पाहायला उसंत कुणाला होती? बांद्र्याची खोली आणि पुण्याचं हे काम यांची गाठ पडायला हवी होती. घरात मार खाणारा गे मुलगा या दोघांच्या मधल्या जागेत उभा होता, आणि आजही बराचसा तिथेच आहे.

ती जागा नकाशावर दाखवायची तर मी रहाटणीवर बोट ठेवीन.

पवना नदीजवळ पसरलेला पिंपरी-चिंचवडचा हा भाग. काळेवाडी फाटा, कोकणे चौक, शिवार चौक, मधून जाणारा बीआरटीचा रस्ता. एका बाजूला हिंजवडीच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला भोसरी आणि चाकणचे कारखाने, जवळच ताथवडे, आकुर्डी, निगडीची कॉलेजं. मराठवाड्यातून आणि सोलापूर-नगरकडून शिकायला आलेली मुलं इथे कॉट बेसिसवर राहतात, मेस लावतात, चौघांत एक वन बीएचके घेतात. समजा त्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोघंच राहतात. एक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दुसरा तीन-चार वर्षांनी मोठा, हिंजवडीत नोकरीला. मी कुणा एका मुलाची हकिगत सांगत नाही, पण परिस्थिती पुरती इथली आहे. भाडेकरार मोठ्याच्या नावावर, डिपॉझिट त्याचं. मागच्या सेमिस्टरच्या फीला कमी पडलेले पैसेही त्यानंच दिलेले. सोसायटीत, मेसमध्ये, कॉलेजात दोघंही एकमेकांचे रूम पार्टनर.

इथे मार बसण्याआधी बरंच काही बसतं. फोनचा पासवर्ड मागून घेतला जातो. व्हॉट्सॲपवर लास्ट सीन का बदललं, प्रॅक्टिकलला इतका उशीर का, त्या मुलाच्या स्टेटसवर हार्ट का टाकलं, याचे जाब द्यावे लागतात. आणि सगळ्यात धारदार हत्यार कपाटात तयार असतं: तुझ्या पप्पांना फोन लावतो, फोटो पाठवतो, गावाच्या ग्रुपवर टाकतो. शेजारच्या मुलीला नवरा मारतो हे कळलं तर गावात चार लोक हळहळतील. या मुलाच्या बाबतीत मार सांगायचा तर आधी आपण कोण आहोत ते सांगावं लागतं, आणि ते कळल्यावर शिक्षण सुटेल, घर सुटेल, ही भीती उगाच वाटत नाही. म्हणून धमकी प्रत्यक्षात आणायची गरजही पडत नाही. आणखी एक कोंडी असते. या शहरात स्वतःसारखा म्हणून त्याला ठाऊक असलेला एकच माणूस आहे, आणि तोच मारतो.

एक दिवस भुवई फुटते. दवाखान्यात घेऊन येतो तो मारणाराच. अतिशय काळजीनं. केसपेपर काढतो, पैसे भरतो, बाटलीतलं पाणी देतो. डॉक्टर विचारतात, कसं लागलं? उत्तर तोच देतो: बाथरूममध्ये पडला, सर. मुलगा मान हलवतो. दोन टाके, पाच दिवसांच्या गोळ्या. कुणी वाईट वागलं नाही. सगळं नेहमीसारखं झालं.

यात एक गोष्ट बदलून पाहू. टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टरबाईंनी जखम बघितली, मग दंडावरचे बोटांएवढे जुने पिवळट डाग बघितले, आणि सोबत आलेल्याला म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर बसा, मला पूर्ण तपासायचंय.” अवघं एक वाक्य. ते प्रत्येक पेशंटच्या सोबत्याला म्हटलं जात असेल तर त्यात कुणाला काही खुपत नाही. दार लोटलं. “घरी कोण कोण असतं रे?” “रूम पार्टनर, मॅडम.” “बरं. बऱ्याच मुलामुलींना सोबत राहणाऱ्या माणसाकडूनच त्रास होतो, म्हणून मी सगळ्यांना विचारते. तुला घरी कुणाची भीती वाटते का?” इथे गर्लफ्रेंड आहे का, असं विचारलं असतं तर तो ‘नाही’ म्हणाला असता, खरंच बोलला असता, आणि विषय तिथे संपला असता.

तो लगेच बोलेल असं नाही. बोलू नये असंही त्याला वाटू शकतं, आणि डॉक्टरांनी ते मानलं पाहिजे. पण तो बोलण्याआधी त्याला एक गोष्ट कळायला हवी. मारहाण कागदावर आली की मेडिको-लीगल केस होते आणि पोलीस चौकीला कळवावं लागतं. हे आधी सांगायचं, नंतर अंगावर आदळू द्यायचं नाही. तो सज्ञान आहे, म्हणून घरच्यांना कळवायचं की नाही हे तो ठरवेल, हेही त्याच दमात सांगायचं. आणि तो सतरा वर्षांचा असेल, जो फर्स्ट इयरला असू शकतो, तर लैंगिक जबरदस्तीची माहिती पोक्सो कायद्याखाली पोलिसांना द्यावीच लागते. तो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. खोटा शब्द देऊन मिळवलेली हकिगत त्या मुलाला पुन्हा कधी डॉक्टरकडे येऊ देणार नाही.

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: गळा दाबला होता का? सॅन डिएगोत २००१ साली ३०० प्रकरणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदारानं गळा आवळलेल्या निम्म्या प्रकरणांत बाहेरून खूण दिसतच नव्हती, आणि आणखी ३५ टक्क्यांत ती फोटोत येण्याजोगी नव्हती. हे आकडे मुख्यतः बायकांचे आहेत, पण पुरुषाचा गळाही हाडामांसाचाच असतो. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, लघवी झाली होती का, हे सर्दी-घशाच्या औषधाबरोबर संपवायचे प्रश्न नाहीत. गळा आवळणाऱ्या जोडीदाराच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे बायकांवरच्या अभ्यासांनी दाखवून दिलंय.

सरकारी रुग्णालयांत एक खोली अशी आहे, जिथे पुरुषाला बंद दाराआड तुझे संबंध कुणाशी आहेत हे विचारलं जातं आणि उत्तर ऐकून कुणी दचकत नाही. एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी जिथे होते ती आयसीटीसीची खोली. वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या समुपदेशकांनी जी सहजता कमावली, ती आपल्या आरोग्यव्यवस्थेची मोठी मिळकत आहे. निरोध वापरतोस का, जोडीदार किती, हे ते विचारतात. निरोध लावायला सांगितलं तर तो चिडतो का, हात उगारतो का, एवढा एक प्रश्न त्यात बसू शकतो. एचआयव्ही असल्याचं सगळ्यांना सांगेन ही धमकी तर तिथे हमखास कळेल. विश्वासानं कळलेली दुसऱ्याची अशी माहिती संमतीशिवाय उघड करायला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा मनाई करतो, हे त्या मुलाला तिथेच सांगता येईल.

बाकीचा कायदा मात्र त्याच्यापाशी येऊन अडखळतो. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा स्त्रियांसाठी आहे. तो तसाच असावा, त्याला धक्का लावायचं कारण नाही. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ३७७ कलम पूर्ण गेलं. सज्ञान पुरुषावर पुरुषानं केलेला बलात्कार त्या नावानं नोंदवायला आता कलमच उरलेलं नाही. हा मोठा अन्याय आहे आणि तो राखून ठेवण्याचं एकही कारण मला पटत नाही. दुखापत, धमकी, खंडणी ही कलमं आहेत, ती लागतात, पण दुखापत दाखवायची तर डॉक्टरांचा कागद हवा. ‘पडला’ एवढंच लिहिलेला कागद पुढे कुठेच उपयोगाचा नाही. ‘सोबत राहणाऱ्या व्यक्तीनं हातानं मारल्याचं सांगतो, आधीही असं घडल्याचं सांगतो’, जखमेची जागा, लांबी, रंग, जुने डाग, हे सगळं लिहिलं तर तो कागद दोन वर्षांनीही बोलू शकतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या लैंगिक हिंसेवरच्या मार्गदर्शक सूचनांत वेगळा लैंगिक कल असलेल्यांना कसं वागवावं यावर स्वतंत्र भाग आहे. कॅज्युअल्टीच्या टेबलावर त्या सूचनांची छापील प्रत असायला हवी.

मग त्या डॉक्टरबाई टाके घालून झाल्यावर काय करतात? त्याला घर सोड म्हणत नाहीत. सोडून जायच्या क्षणीच मार सगळ्यात वाढू शकतो आणि आज रात्री त्याला झोपायला दुसरी जागा नाही. मार्कशीट, आधार, फीच्या पावत्या यांचे फोटो एखाद्या मित्राकडे ठेव, म्हणतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठ करून घेतात, कारण फोन तपासला जातो. घरी राहणं धोक्याचं वाटलं तर रात्री कुणाकडे जाशील, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतात. आणि सोबत्याला ऐकू जाईल अशा आवाजात, दार उघडून सांगतात, “ड्रेसिंगला परवा यायचं. सकाळी, कॉलेजला जाताना.” बांद्र्याच्या बायकांची बीपीची गोळी इथे ड्रेसिंग होऊन आलीय.

कॉलेजकडे जाण्याचा रस्ताही आहे, फक्त तो कुणी दाखवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाबद्दलचे २०१५ चे नियम मुख्यतः स्त्रियांसाठी आहेत, पण काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हे त्यात स्पष्ट लिहिलंय आणि संस्थेवर जबाबदारी टाकलीय. रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनं लैंगिक कलावरून होणारा छळ आला. मारणारा दुसऱ्या वर्षाचा वर्गमित्र असेल तर हे नियम लागू होऊ शकतील. तो हिंजवडीतला नोकरदार असेल तरी कॉलेज एक साधी गोष्ट करू शकतं: सेमिस्टरच्या मध्यावर, कारण न विचारता, होस्टेलची एक कॉट देणं. अशा मुलाच्या बाबतीत ती कॉट कुठल्याही कलमापेक्षा लवकर कामी येते.

पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना ग्रीन मार्शल आणि सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. ज्या महापालिकेला ते सुचलं, तिच्याकडे वायसीएम आहे, थेरगावचं रुग्णालय आहे, प्रभागांतले दवाखाने आहेत, शिकलेले समुपदेशक आहेत. तिथे दिलासासारखी एक खोली हवी, जिच्या पाटीवर पुरुषांनीही यावं असं लिहिलेलं असेल, आणि कॅज्युअल्टीच्या प्रत्येक ज्युनिअर डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात दोन वाक्यं शिकवलेली हवीत: सोबत्याला बाहेर बसायला सांगायचं आणि मग घरी कुणाची भीती वाटते का ते विचारायचं. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. रहाटणीतून वायसीएमला रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं लागतात.